उंटाच्या नाकातलं दार

माझ्या मित्राच्या मुलाने मला कुवेतहून फोन केला, तो मी त्याच्या वडिलांना हजला जाण्यापासून थांबवावं म्हणून. महिन्याभराने परिस्थिती अशी होती की वडील पूर्वीपेक्षा दुप्पट जोमाने तयारीला लागले होते आणि त्यांच्याबरोबर जाणारी मोहल्ल्यातली सगळी मंडळी, साखरेचा आजार असो वा नसो, मधुमेहाची गोळी नेमाने घेत होती. हे सगळं मी एकट्याने, कुणाचीही मदत न घेता घडवून आणलं होतं.

गोष्ट दोन हजार चौदा-पंधराच्या सुमाराची. करोना हा शब्द तेव्हा पनवेलमध्ये कुणाच्या तोंडी नव्हता. पुढे तो घराघरांत शिरला, पण तेव्हा तो पेपरच्या आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, आखाती देशांतल्या एका नव्या तापाच्या बातमीत अंग चोरून बसलेला असे. त्या तापाला मर्स म्हणत. उंटाकडून माणसाला होतो, फुफ्फुसं धरतो, कित्येकांची मूत्रपिंडंही बसवतो, आणि आधीच साखर किंवा मूत्रपिंडाचं दुखणं असलेल्या वयस्क माणसांना जास्त करून गाठतो, एवढं त्या बातम्यांतून कळायचं. माझ्या मित्राला साखर होती. मूत्रपिंडं थोडी कुरकुरत होती. आणि वय आमच्या दोघांचंही असं की बसमध्ये पोरं आपणहून जागा देत.

"मास्तरकाका, अब्बा माझं ऐकत नाहीत," मुलगा फोनवर म्हणाला. "इथे रोज बातम्या येतायत. तुम्ही सांगा त्यांना, पुढच्या वर्षी जा म्हणावं. तुमचं ऐकतील. तुम्ही सायन्सवाले."

हे शेवटचं वाक्य त्याने बोलायला नको होतं. मी पनवेलच्या एका शाळेत आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर माणसाला पेन्शन मिळते, पण फळा मिळत नाही. कुणी 'तुम्ही सायन्सवाले' म्हटलं की माझे हात आपोआप खडू शोधू लागतात.

मित्राचं बाजारपेठेत दुकान होतं. दोरखंड, जाळी, ताडपत्र्या. काथ्याचा आणि नव्या नायलॉनचा असा एक मिश्र वास त्या दुकानाला होता, आणि दारात एक बाक. त्या बाकावर माझी संध्याकाळ जायची. त्याची घरची जमीन खाडीकाठी, खारबंधाऱ्याच्या आत होती. तरुणपणी तो भात लावायचा, बांध घालायचा. नव्या वस्तीसाठी जमीन गेली, तेव्हापासून तो पूर्णवेळ दुकानात बसू लागला. पण बोलण्यात अजून भरती-ओहोटीच असायची.

मी गेलो तसा तो म्हणाला, "या मास्तर. पोराने फोन केला ना तुम्हाला?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्ही चप्पल काढून आत आलात. एरवी चप्पल घालूनच बाकावर बसता. काही वजनदार बोलायचं असलं की तुम्ही चप्पल काढता. शाळेतही काढायचात का?"

"हे बघा हाजीसाहेब..."

"अजून नाही. आल्यावर म्हणा. आधी म्हटलं की हज तोंडातच होतो."

मी त्याला बातम्या सांगितल्या. साखर, मूत्रपिंडं, वय, गर्दी, सगळं नीट क्रमाने सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, एका गिऱ्हाइकाला सुतळीचा गुंडा दिला आणि म्हणाला, "मास्तर, हजच्या सोडतीत दोनदा आमचा नंबर लागला नाही. या वर्षी लागला. तुमच्या भाभीचे गुडघे या वर्षी चालतात. पुढच्या वर्षीचं मी काही लिहून देऊ शकत नाही. लग्न केलं तेव्हा तिला शब्द दिला होता, की दुकान चाललं तर तुला घेऊन जाईन. दुकान चाललं. आता शब्द राहिलाय."

मी चप्पल घालायच्या बेतात होतो. पण तो पुढे जे बोलला, त्याने माझा घात केला.

"मला एक सांगा. हा रोग उंटाचा. मग उंट का मरत नाही?"

"उंटाला फक्त सर्दी होते, असं पेपरात आलंय."

"जंतू एकच?"

"एकच."

"मग उंटाचं नाक वाहतं आणि माणसाचं फुफ्फुस न् मूत्रपिंड जातं, हे कसं? बाकीचं अंग का सोडतो तो? कान का नाही धरत? गुडघा का नाही धरत?"

मला उत्तर येत नव्हतं. इतकी वर्षं शिकवून मला एकाही पोराने इतका चांगला प्रश्न विचारला नव्हता. फोन, मुलगा, कुवेत सगळं डोक्यातून पुसलं गेलं. घरी पोचेपर्यंत मी एकच गोष्ट घोकत होतो, की गुडघा का नाही?

त्या शनिवारी मी बायकोला म्हटलं, "चल, अलिबागला जाऊन येऊ."

ती माझ्याकडे जरा बघत राहिली. निवृत्तीनंतर मी आपणहून तिला कुठे चल म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं, मलाही नव्हतं. तिने चांगली साडी नेसली, वाटेत खायला घावन-चटणी घेतली. एसटीत खिडकीपाशी बसून ती वडखळपर्यंत गुणगुणत होती. किनाऱ्यावर उतरल्यावर मी तडक उंटवाल्याकडे गेलो, तेव्हा तिचं गुणगुणणं थांबलं.

"बैठना है तो बैठो साब," उंटवाला म्हणाला.

"बैठना नहीं है. जरा नाक देखना है."

त्याने एकदा माझ्याकडे, एकदा बायकोकडे पाहिलं. बायको समुद्राकडे बघत होती. उंट बसलेलाच होता. मी वाकलो. उंटाच्या नाकपुड्या म्हणजे दोन तिरक्या फटी असतात, आणि वाळू उडाली की तो त्या पडद्यासारख्या मिटून घेतो. हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण प्रत्यक्ष बघताना फार मजा वाटली. मिटल्या, उघडल्या. मी आणखी जवळ गेलो. आत दिसेल असं मला नेमकं काय वाटत होतं, देव जाणे. विषाणू काही हात हलवून दाखवणार नव्हता. उंटाने नाकपुड्या मिटल्या, मान किंचित मागे घेतली आणि तोंडभर, चष्माभर, नव्या शर्टभर शिंकला.

"सर्दी है उसको," उंटवाला शांतपणे म्हणाला. "पहले पूछना था."

परतीच्या एसटीत बायको एकच वाक्य बोलली. "आपण समुद्र बघायला आलो होतो."

आपल्याकडच्या उंटांत तो आजार सापडल्याचं तोवर कुठे वाचलं नव्हतं, पण पुढचे काही दिवस मी थर्मामीटर उशाशी घेऊन झोपलो, हे तिला आजही सांगितलेलं नाही. आता ती वाचेल.

मग मी खरा अभ्यास सुरू केला. मुलीने दिलेला जुना संगणक, शेजारी शब्दकोश, आणि समोर परदेशी शास्त्रज्ञांचे लेख. अर्धं कळे, अर्धं कळल्यासारखं वाटे. पण जे कळलं त्याने मी अक्षरशः खुर्चीतून उठून फेऱ्या मारल्या.

विषाणू कुठेही घुसू शकत नाही. त्याच्या अंगावर काटे असतात, आणि ते काटे पेशीच्या बाहेर डोकावणाऱ्या एका ठरावीक प्रथिनालाच अडकतात. ते प्रथिन ज्या पेशीवर नाही, तिच्यावरून तो घसरून जातो. म्हणजे ते प्रथिन हे त्याचं दार. पण शरीराने ते दार विषाणूसाठी केलेलं नाही. त्याला स्वतःचं रोजचं काम असतं. याच घराण्यातला, काही वर्षांपूर्वी पूर्वेकडे थैमान घालून गेलेला सार्स, त्याने रक्तदाबाच्या खात्यातलं एक दार निवडलं होतं. या मर्सने साखरेच्या खात्यातलं निवडलं. जेवणानंतर स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायचा निरोप जातो, तो निरोप काम झाल्यावर कापून टाकणारी एक कात्री शरीरात असते. ती कात्री हेच मर्सचं दार. माणसात ती कात्री मूत्रपिंडात भरपूर, लहान आतड्यात भरपूर, फुफ्फुसाच्या खोल भागात बऱ्यापैकी, आणि नाकात मात्र अगदी नावाला. उंटात ती नाकातच.

म्हणून उंट शिंकतो आणि माणूस धापा टाकतो. मूत्रपिंडावर विषाणू थेट चढाई करतो की तापात होणाऱ्या हालांनी ते बसतं, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नव्हतं. पण दारं तिथे होती, एवढं खरं. मला आयुष्यभर वाटत आलं होतं की रोग कमजोर जागा शोधतो. इथे उलटंच दिसत होतं. फुफ्फुस, आतडं, मूत्रपिंड हे सगळे शरीरातले बाजार. आत-बाहेर, देणं-घेणं, गाळणं, निवडणं दिवसभर चालू. जिथे उलाढाल मोठी तिथे दारं जास्त, आणि विषाणू आला तो त्या दारांतून. गुडघ्याकडे त्याचं काही कामच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात शिरलो तो चप्पल दारातच सोडून.

"या," मित्र म्हणाला. "आज तर पळत आलात."

दुकानात एक कोळीण बाई जाळ्याचा दोर घ्यायला आली होती. मला दोन श्रोते म्हणजे भरलेला वर्ग. मी ताडपत्रीच्या गठ्ठ्यावर हात ठेवला आणि विचारलं, "तुमच्या बांधाला उघाडी होती ना?"

उघाडी म्हणजे खारबंधाऱ्यातली पाणी सोडायची वाट. बांधात दगडी तोंड बांधलेलं असतं आणि खाडीच्या बाजूला लाकडी झडप टांगलेली. ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी झडप ढकलून खाडीत जातं. भरती आली की खाडीचं पाणीच झडप दाबून बंद करतं, म्हणजे खारं आत येत नाही. मित्राचं अर्धं तारुण्य त्या झडपेची राखण करण्यात गेलं होतं.

"होती म्हणजे? बांधच उघाडीवर उभा असतो."

"उघाडी कशासाठी केली? पाणी बाहेर जायला. खेकड्यासाठी केली का?"

"नाही. पण खेकडा तिथेच येतो."

"बस. तुमचं मूत्रपिंड म्हणजे असा बांध, ज्याला उघाड्याच उघाड्या. आतडं तसंच. फुफ्फुसाचं खोलवरचं टोक तसंच. हा जंतू म्हणजे खेकडा. नुसत्या मातीच्या बांधावर त्याला धरायला काही नाही. उघाडी दिसली की लटकला." मग मी कात्री, साखर, उंटाचं नाक सगळं सांगितलं. शिंक वगळली.

कोळीण बाई दोराची वेटोळी मोजायचं थांबून ऐकत होती. ती म्हणाली, "पन सर, मानसाच्या नाकान दार नाय, तर त्यो आत जातो कसा?"

"श्वासाबरोबर खोल जावा लागतो. म्हणून तर तो पटापट पसरत नाही."

"म्हंजे वाट लांब हाय. पन पोचला त पोचला."

"अगदी बरोबर."

"आमच्याकरं नाय ना उंट?"

"नाही."

"मंग दोर द्या," ती मित्राला म्हणाली. ती गेल्यावर मित्राने उरलेला दोर गुंडाळून ठेवला. मग त्याने हळूच विचारलं, "मग माझ्या उघाड्या बंद करायला काही आहे का?"

इथे मी थांबायला हवं होतं. मी कुवेतच्या मुलाचं सांगणं आठवून म्हणायला हवं होतं, की नाही, काही नाही, म्हणून या वर्षी जाऊ नका. पण शिक्षकाला धड्याच्या शेवटी एक गंमत सांगायची खोड असते.

"गंमत बघा," मी म्हटलं. "तुम्ही साखरेची जी गोळी घेता ना, ती नेमकी याच कात्रीवर जाऊन बसते. याच दारावर."

"याच?"

"याच."

त्याने खिशातली गोळ्यांची पट्टी काढून उलटसुलट पाहिली. चेहऱ्यावर असा भाव, की माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. वर्गात असा भाव मला क्वचित बघायला मिळाला होता. मी चप्पल घातली आणि गाणं म्हणत घरी गेलो.

पुढचे काही दिवस मी मुलीकडे होतो. आलो तर भर दुपारी दुकान बंद. मी त्याच्या घरी गेलो. भाभी पलंगावर आडव्या होत्या, चहा शेजारणीने आणून दिला.

"काय झालं भाभी?"

"काही नाही भाऊजी. तुमच्या गोळीने पोट धरत नाही."

"माझ्या गोळीने?"

"ती हो. उघाडीची गोळी."

मी कप बाजूला ठेवला. आतून मित्र आला. चेहरा उतरलेला, ओठ सुकलेले.

"तुम्ही भाभींना साखरेची गोळी देताय? त्यांना साखर नाही."

"उघाडी तर आहे ना," तो म्हणाला, आणि समजुतीच्या सुरात मला उलगडून सांगू लागला. "मास्तर, बांध सगळ्यांचा असतो. पावसाआधी प्रत्येक घराने आपापला तुकडा बुजवायचा. एकाने हयगय केली तर खारं पाणी त्याच्या एकट्याच्या शेतात जात नाही, सगळ्यांच्या जातं. कोण आजारी असला तर त्याचा तुकडा दुसऱ्याने बुजवायचा, हा रिवाज. आता हजला आम्ही एका खोलीत राहणार, एका ताटात जेवणार. मी एकट्याने दार लावून काय फायदा? म्हणून सगळ्या गटाला वाटल्या."

"सगळ्या गटाला?"

"मेडिकलवाला ओळखीचा. आणि मी स्वतः दोन घेतो. उधाणाच्या भरतीला आम्ही दुहेरी फळी लावायचो."

ज्याच्यावर मी धडा रचला त्याच बांधाने मला बुडवलं होतं, आणि त्याच्या विचारात एक चूक शोधून दाखवा म्हटलं तर मला दाखवता आली नसती. चूक एकच होती, पहिलीच, आणि ती माझी होती.

आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. गटातल्या सगळ्यांच्या तंदुरुस्तीच्या दाखल्यांवर त्यांचीच सही व्हायची होती. त्या माझ्या विद्यार्थिनी. पहिल्या बाकावर बसून माझ्या चुका दुरुस्त करणाऱ्या. तेव्हाही मला त्यांची थोडी भीती वाटायची. त्यांनी मित्राचा रक्ताचा रिपोर्ट पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"क्रिएटिनिन चढलंय. या गोळीत दोन औषधं एकत्र आहेत, सर. दुसरं औषध निरोग्याचंही पोट बिघडवतं. यांनी दुप्पट घेतलं, जुलाब झाले, पाणी कमी झालं, मूत्रपिंडावर ताण आला. त्या परदेशी विषाणूने काही करायच्या आधी तुम्हीच करून ठेवलंत."

"पण गोळी त्याच प्रथिनावर..."

"सर, पनवेल स्टँडवर उरणची गाडी लागते आणि पेणचीही लागते. म्हणून उरणची गाडी फलाटावर उभी असली की पेणवाले घरी जात नाहीत. स्टँड एक, फलाट वेगळे. गोळी त्या प्रथिनाच्या आतल्या खोबणीत बसते, जिथे ते कापायचं काम करतं. विषाणू बाहेरच्या अंगाला धरतो. गोळी बसली काय न बसली काय, त्याला पत्ताही लागत नाही. तुम्ही लेख पुढे वाचला नाहीत का?"

वाचला होता. त्यातलं एक लांबलचक वाक्य मला समजलं नव्हतं म्हणून मी ते ओलांडून पुढे गेलो होतो. पोरांना मी नेमकं हेच करायला सांगायचो. अडलं की पुढचं वाचा, मागचं आपोआप उमगेल.

मित्राने एकच प्रश्न विचारला. "दाखल्याचं काय?"

"नेहमीची गोळी, नेहमीएवढीच. पाणी प्या. पुन्हा रक्त तपासू. खाली आलं तर सही. नाही आलं, तर मी सही करणार नाही, चाचा."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना त्याने माझा खांदा धरला होता, आणि मला कळेना की तो मला आधार देतोय की माझा घेतोय. मुलाने सांगितलेलं काम आता आपोआप होणार होतं. हज टळणार होता. आणि माझ्या मनात एकच धावा चालू होता, की टळू नये.

त्या रविवारी मशिदीशेजारच्या हॉलमध्ये यात्रेकरूंची तालीम होती. मध्यभागी काबा म्हणून एक टेबल, त्यावर काळी चादर, आणि भोवती सगळे फेरे घालायला शिकत होते. मित्र म्हणाला, "गोळ्या मी वाटल्या, पण नाव तुमचं सांगितलं. परत तुम्हीच मागा." मी चप्पल काढून टेबलाजवळ उभा राहिलो.

"मंडळी, उघाडीचं मी चुकीचं सांगितलं. म्हणजे उघाडी बरोबर आहे. गोळी चूक आहे. गोळी झडपेच्या बिजागरीत पाचर मारते. खेकडा बिजागरीला हात लावत नाही, तो बाहेरच्या दगडाला लटकतो. पाचर मारून खेकड्याला काही फरक पडत नाही."

मग मागून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "म्हणजे मास्तर, हा हप्ताभर मी जे पळत होतो, ते कशासाठी?"

"माझ्यासाठी," मी म्हटलं.

"अल्ला तुमचं भलं करो," ते म्हणाले, पण आवाजात तसं काही नव्हतं.

गोळ्या परत आल्या. एक आजी देईनात. त्यांचं म्हणणं, कित्येक वर्षांची बद्धकोष्ठता गेली, ही गोळी मी मरेपर्यंत घेणार. त्यांच्या सुनेने पदराच्या गाठीतून ती काढून घेतली. मग मी डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं. तोंडावर मास्क, हात धुणं, भरपूर पाणी, उंटाजवळ जायचं नाही, उंटिणीचं कच्चं दूध प्यायचं नाही. विषाणू उघाडीपर्यंत पोचणारच नाही असं बघायचं, कारण पोचल्यावर आपल्या हातात फारसं काही नाही. ते मात्र सगळ्यांना लगेच पटलं. उधाण बांधाला लागण्याआधीच राखण करायची असते, हे त्या हॉलमधल्या निम्म्या लोकांनी अंगाने केलेलं होतं.

रिपोर्ट यायच्या दिवशी मी दवाखान्यात मित्राच्या आधी पोचलो. क्रिएटिनिन पूर्वीच्या जागी आलं होतं. डॉक्टरीणबाईंनी सही केली आणि मला विचारलं, "सर, तुम्ही यांच्याबरोबर जात नाही आहात ना?"

"मी कसा जाणार?"

"मग ठीक आहे."

मुलाचा फोन आला. "काका, मी तुम्हाला अब्बांना थांबवायला सांगितलं होतं."

"मी फार प्रयत्न केला बाळा."

"अब्बा म्हणतात, सगळी तयारी तुम्हीच करून घेतलीत."

यावर मी लाइन खराब असल्यासारखं दोनदा हॅलो हॅलो केलं आणि फोन ठेवला.

ते गेले. मी रोज पेपरचं आतलं पान आधी उघडायचो. बाजारपेठेतून जाताना बंद दुकानासमोर पाय आपोआप हळू व्हायचे. फुफ्फुसाच्या खोल टोकाचं चित्र, जे मी इतकी वर्षं फळ्यावर द्राक्षांच्या घडासारखं काढायचो, ते आता डोळ्यांसमोर येई तेव्हा त्या घडाला मित्राचा चेहरा असे. जिज्ञासा चांगली गोष्ट आहे, पण ओळखीच्या माणसाच्या मूत्रपिंडाबद्दल ती फार वेळ टिकत नाही. तिची नुसती काळजी होऊन जाते.

ते परत आले आणि मित्र खोकत होता.

मी त्याची गळाभेट घेण्याऐवजी त्याच्या पाठीला कान लावला. हार घालायला आलेले लोक बघत राहिले. "नाकात आहे की खोल आहे?" मी विचारलं. "आधी घरात तर येऊ द्या," तो म्हणाला आणि पुन्हा खोकला. डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो काढायला लावला, रक्त तपासलं, काही दिवस घरात वेगळं बसवलं. ताप नव्हता. छाती स्वच्छ, मूत्रपिंडं होती तशीच. "गर्दीचा खोकला," त्या म्हणाल्या. "हजहून येणारे बहुतेक सगळे असेच खोकत येतात, सर. सगळं उंटाच्या माथी मारू नका."

तो बरा झाल्यावर मी त्याच्या घरी पडवीत जाऊन बसलो. भाभींनी खजूर आणि मक्केहून आणलेलं झमझमचं पाणी पुढे ठेवलं. त्यांचे गुडघे सुजले होते आणि त्या घरभर त्याच गुडघ्यांनी मिरवत होत्या.

"हाजीसाहेब," मी म्हटलं.

"बोला," तो म्हणाला. आता हरकत नव्हती.

त्याने मोबाईलवरचा एक फोटो दाखवला. तोंडाला मास्क, पाठीमागे पसरलेलं वाळवंट, आणि बाकी काही नाही.

"हे काय?"

"तुमच्यासाठी काढला. उंटाबरोबर."

"उंट कुठाय?"

त्याने बोटाने फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. दूर टेकडीच्या पायथ्याशी एक तपकिरी ठिपका होता. "तुम्हीच म्हणालात लांब राहा. गटातल्या सगळ्यांनी असाच काढलाय."

मी त्या ठिपक्याकडे बघत होतो, तेवढ्यात तो म्हणाला, "मास्तर, एक विचारायचं होतं. तिथे एका तंबूत आम्ही सगळे खोकत होतो. मी खोकलो, शेजारचा खोकला. तुमची भाभी माझ्या बाजूलाच झोपायची, ती एकदाही खोकली नाही. जंतू तोच, हवा तीच. मग हिची दारं गेली कुठे?"

मी खजूर बशीत ठेवला आणि पायातून चप्पल सोडवली.

"भाऊजी," स्वयंपाकघरातून भाभींचा आवाज आला, "चप्पल घाला."